परत मागितलेलं वाण

फुलसावंगीच्या त्या गल्लीत नळ रोज येत नाही. आला की घरात जे कोणी असेल ते कॅन घेऊन बाहेर धावतं. वीस लिटरचे पांढरे आणि निळे कॅन प्रत्येक स्वयंपाकघरात ओळीनं उभे असतात. ते कुठून आले, हे कोणी विचारत नाही, कारण सगळ्यांनाच ठाऊक आहे. शेतातलं औषध संपलं की रिकामा कॅन घरी येतो, धुतला जातो आणि पिण्याच्या पाण्यानं भरला जातो. तुमच्या गावातही बहुतेक असंच चालत असेल.

त्या गल्लीच्या टोकाला बापूजींचं घर आहे. त्यांची बायको कोकिळा गेल्या श्रावणात वारली. आधी हात थरथरायला लागले, मग जेवण जाईना. शेवटी डॉक्टर म्हणाले, किडन्या गेल्या. कशानं गेल्या, ते कोणी सांगितलं नाही.

तेव्हापासून दुपारी गल्ली शांत झाली की बापूजींना परसातून आवाज यायचा. धुण्याच्या दगडावर राखेनं प्लॅस्टिक घासल्याचा. कोकिळा कॅन घासायची, अगदी तसा. लेबलचा कागद निघून जाईपर्यंत घासायची ती. बापूजी उठून परसात जायचे. दगड कोरडा असायचा. ते थोडा वेळ तिथंच उभे राहायचे आणि परत येऊन खाटेवर बसायचे.

दिवाळीनंतर त्यांची मुलगी सुरभी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना होता. आई नसलेल्या माहेरी कशाला जातेस, असं सासरचे म्हणत होते. ती हट्टानं आली.

"बाबा, मले भेदरं खाऊ वाटतात," ती म्हणाली. "बाजारातली नाही. आईच्या परसातली. मीठ लावून."

भेदरं म्हणजे टोमॅटो. कोकिळाच्या वाफ्यात आता गवत माजलं होतं. बापूजी तिकडं पाय टाकत नव्हते. पण मुलीनं मागितलं म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी विळा हातात घेतला.

त्यांचा जुना दोस्त अय्यूब फवारणीचे पंप दुरुस्त करतो. त्याची मुलगी कहकशां शेतीचं कॉलेज करून घरी आली होती. उघड्यावर, बिनमातीची भेदरं लावून पाहायची तिची फार इच्छा होती. अय्यूबच्या घराला अंगण नाही. बापूजींच्या परसात दिवसभर ऊन.

"ऐक बापू," अय्यूब म्हणाला, "आमची कहकशां भेदरं पाण्यात लावतो म्हणते. आज पाण्यात भेदरं, उद्या हवेत कांदे लावन. तुह्या परसात जागा देतो का? नाहीतर माह्या डोक्यावर लावन ती."

"तुह्या डोक्यावर काय उगवते बे? खडकाळ जमीन ती."

कोकिळा गेल्यावर बापूजींनी केलेली ती पहिली थट्टा होती. आत स्वयंपाकघरात सुरभी हसली.

एका बाजूला कोकिळाचा वाफा, काळ्या मातीत रोपांची एक रांग. दुसऱ्या बाजूला भोकं पाडलेले पाईप, त्यात दुसरी रांग. खाली नवी बादली. लहान मोटर बादलीतलं खत घातलेलं पाणी वर चढवायची आणि ते मुळांना धुऊन परत बादलीत यायचं. "काका, बादली बदलायची झाली तर नवीच घ्या," कहकशांनं सांगून ठेवलं. मग ती मावशीकडं ढाणकीला गेली.

पाण्यातली रोपं भराभर वाढली. मातीतली अजून अंग धरत होती तेव्हा ही वीतभर वर गेली. अय्यूब रोज येऊन पाहायचा आणि मिशी चोळायचा.

एक दिवस बादली तडकली. मोटर कोरडी घरघरू लागली. नवी बादली आणायला बाजार लांब, झाडं तर माना टाकायला लागलेली. बापूजींनी माळ्यावरून एक कॅन काढला. कोकिळानं धुऊन, उपडा घालून ठेवलेला, कधीच न वापरलेला. याच्यापेक्षा स्वच्छ काय असणार? त्यांनी वरचं तोंड कापलं आणि पाणी भरलं. तिचा हात या कामाला लागला, असं वाटून त्यांना बरंही वाटलं. कॅनमधलं उरलेलं पाणी ते मातीतल्या झाडांनाही घालू लागले.

थोड्याच दिवसांत पाईपातल्या झाडांची नवी पानं वेगळी यायला लागली. अरुंद, सुतासारखी. शेंडे मुरगळले, खोडं दोरीला पीळ द्यावा तशी वळली. मातीतली झाडं मात्र सरळ उभी होती.

कहकशां ढाणकीहून आली ती थेट परसात गेली. बराच वेळ झाडांपाशी बसली. मग तिनं कॅनला हात लावला.

"काका, याच्यात अगोदर काय होतं?"

"मले काय माहीत बाप्पा. तुह्या काकूनं धुतला तो. तिनं धुतला म्हणजे धुतलाच."

"हे तणनाशकाचं काम आहे काका. कॅन किती घासा, प्लॅस्टिकमंधी मुरलेलं राहते ते. भेदऱ्याच्या झाडाले ते जरासंही सोसत नाही."

"मग मातीतली काहून चांगली हायत? तेच पाणी त्यायलेई टाकलं मी."

"माती झाकते. आपली काळी माती थोडं धरून ठेवते, थोडं तिच्यातले जीवजंतू संपवतात. म्हणून तिथं दिसलं नाही. दिसलं नाही म्हणजे जहर नव्हतं, असं नाही. पाण्यातल्या मुळाले आडोसाच नाही काका. पाण्यात जे आहे, ते सरळ झाडात."

तेवढ्यात सुरभी स्वयंपाकघरातून पेला घेऊन आली. "कहकशां, पाणी घे व. उन्हातून आली."

कहकशांनं पेला घेतला. प्यायली नाही. पेल्याकडं पाहत तिनं विचारलं, "ताई, कोणत्या कॅनचं?"

"आईच्याच. का?"

बापूजींचा चेहरा लाल झाला.

"तू काय म्हणून राह्यली पोरी? कोकिळानं घराले जहर पाजलं?"

"मी तसं नाही म्हटलं काका."

"तसंच म्हटलं! सारी गल्ली तिचं नाव घेते. कॅन घासता घासता बोटं सोलून घेतली तिनं. अन् तू दोन पुस्तकं वाचून तिच्यावर बोट ठेवते?"

कहकशां रडवेली झाली, पण जागची हलली नाही. "काकू कशानं गेल्या, ते मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकत नाही. पण ताईच्या पोटातला जीव अजून यायचा आहे. त्याचं तरी आपल्या हातात आहे."

ती गेली. संध्याकाळी बापूजी उठले. मग बाजारात जाऊन एक माठ घेऊन आले.

"थंडीत माठ कायले बाबा?" सुरभीनं विचारलं.

"राहू दे. यातलंच पेत जा."

स्वतः मात्र ते कॅनमधलंच पीत राहिले. प्रत्येक पेला म्हणजे कोकिळाच्या बाजूनं दिलेली साक्ष होती. आणि परसाच्या भिंतीवर त्यांनी दोन बाटल्या ठेवल्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत स्वयंपाकघरातल्या कॅनचं. दोन्हीत कहकशांचं थोडंसं खत आणि एकेक कोवळं रोप. सकाळी उठल्यावर ते आधी भिंतीपाशी जायचे. दुसऱ्या बाटलीतलं रोप सरळ राहिलं, तर कोकिळा सुटली. एवढीच त्यांची मागणी होती. देवापुढं हात जोडावे तसे ते त्या रोपापुढं उभे राहायचे.

रोप वळलं. माळ्यावरच्या कॅनच्या पाण्यातल्या झाडांइतकं नाही, पण वळलं. शेंड्याचं पान सुतासारखं झालं आणि आत मुडपलं.

त्या दुपारी दगडावर घासण्याचा आवाज पुन्हा आला. बापूजी उठले नाहीत. हातात बाटली धरून तसेच बसून राहिले. पहिल्यांदाच त्यांना त्या आवाजाची भीती वाटली. ती किती दिवस असं घासत होती! लेबल निघालं, रंग निघाला, वास निघाला. तिला वाटलं, सगळं निघालं!

त्यांनी सुरभीला बाटली दाखवली. तिनं तोंडावर पदर धरला. बराच वेळ रडली. मग एकदम तिनं डोळे पुसले.

"बाबा, गेल्या संक्रांतीले आईनं वाण काय लुटलं होतं, आठवते?"

बापूजींना आठवलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाट्या, डब्या, गाळण्या लुटतात. कोकिळा म्हणाली होती, डब्यायनं कोणाची तहान भागते? मी पाण्याचे कॅन लुटतो. शेतातून आणि ओळखीपाळखीतून गोळा करून, महिनाभर घासून, गल्लीतल्या प्रत्येक बाईला तिनं एकेक कॅन दिला होता. असं वाण कोणीच लुटलं नव्हतं. बायका अजून त्याची आठवण काढत. म्हणजे वर्षभर साऱ्या गल्लीची पोरंबाळं तेच पाणी पीत होती!

"मी जातो घरोघर," सुरभी उठू लागली.

"नाही. बायको माही होती."

दिलेलं वाण कोणी परत मागत नाही. गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांनाही असं कधी झाल्याचं आठवत नव्हतं. त्यात संक्रांत आठवड्यावर आलेली. बापूजी दोन बाटल्या हातात घेऊन निघाले. मागं अय्यूब आणि कहकशां. बापूजींनी जाताजाता कहकशांच्या डोक्यावर हात ठेवला. तिला ते पुरलं.

पहिलं घर प्रभावतीचं. ती दारातच कडाडली.

"वाण परत? भाऊजी, भान आहे का तुमाले? ऐन सणाच्या तोंडावर, अन् गेलेल्या बाईचं! कोकिळाच्या जिवाले काय वाटन?"

"तेच ऐकून राह्यलो सहा महिने," बापूजी म्हणाले. त्यांनी दोन्ही बाटल्या उंबऱ्यावर ठेवल्या. "हे नळाचं पाणी. हे कोकिळाच्या कॅनचं. दोन्ही रोपं एकाच दिवशी लावली."

प्रभावती खाली वाकली. एका रोपाकडून दुसऱ्याकडं पाहत राहिली.

"म्हणजे कोकिळा चुकली म्हणता?"

"हाव. चुकली. तिच्याआधी मी चुकलो. जहराले औषध म्हणत रिकामे कॅन मीच घरी आणले. तिले बिचारीले कोणी सांगितलं होतं? पण आता मले समजलं. समजून मी गप बसलो, तर ती चूक राहणार नाही वहिनी, पाप होईन. अन् लोक ते तिच्या नावावर मांडतीन."

प्रभावती आत गेली. पाणी मोरीत ओतल्याचा आवाज आला. ती कॅन घेऊन आली, खाली ठेवला आणि सवयीनं की कशानं, त्याला हळदीकुंकू लावलं. मग डोळे पुसत म्हणाली, "माह्या घरी आणखी दोन हायत. ते कोकिळाचे नाही. आमच्याच शेतातले. तेबी नेता का?"

दुपारपर्यंत परसात कॅनची रास लागली. अय्यूबनं टोकदार सळई घेतली आणि एकेका कॅनला भोकं पाडायला बसला.

"धुऊन तसाच भंगारात टाकला, तर उद्या दुसऱ्याच्या घरी पाणी भरते हा," कहकशां जमलेल्या बायकांना सांगत होती. "म्हणून आधी भोक. जाळायचा नाही, धूरही जहरीच. अन् शेतात फवारतानाच कॅन तीन वेळा खंगाळून ते पाणी पंपातच ओतायचं. घरच्या मोरीवर आणायचाच नाही."

"अन् भेदरं?" कोणीतरी विचारलं. "मातीत लावावं का पाण्यात?"

"कुठंबी लावा. मातीत मेहनत कमी, चूक झाली तर ती सांभाळून घेते. पाण्यात लवकर येते, पण पाणी काही पोटात ठेवत नाही. जे टाकलं ते दाखवते. दोघांतही पाणी चांगलंच लागते काकू."

शेवटी बापूजींनी स्वयंपाकघरातला कॅन आणला. अय्यूबनं सळई पुढं केली नाही. बापूजींनी ती त्याच्या हातातून घेतली आणि स्वतः टोचली. प्लॅस्टिक फाटल्याचा आवाज झाला. त्यांनी मान फिरवली नाही.

कोकिळा त्या पाण्यानंच गेली का? बापूजींना याचं उत्तर मिळालं नाही. मिळणारही नाही. डॉक्टरांना विचारून आता काय होणार? सुरभीचे दिवस भरत आले आहेत. तपासणीत सारं ठीक आहे म्हणतात. बापूजी मान हलवतात, पण बाळाचं रडणं कानावर पडेपर्यंत त्यांच्या छातीवरचा दगड हलायचा नाही.

गल्लीतला एकच कॅन अजून आलेला नाही. रुपीबाई म्हातारी एकटी राहते. ती म्हणते, "कोकिळाची तेवढीच आठवण आहे माह्याजवळ. मी नाही देत." बापूजी तिच्यावर चिडत नाहीत. ते सकाळ-संध्याकाळ तिच्या ओट्यावर जाऊन बसतात. जाताना घरून माठातल्या पाण्याची कळशी नेतात.

वाचकहो, गेलेल्या माणसाची माया जपावी. त्याची चूक जपू नये. ती आपण दुरुस्त केली, तरच त्याचं नाव स्वच्छ राहतं. आज घरी गेलात की स्वयंपाकघरात एकदा पाहा. तिथल्या कॅनमध्ये आधी काय होतं, हे तुम्हाला सांगता येतं का? येत नसेल, तर आजच त्याला भोक पाडा.

"आणखी किती दिवस येशीन रे?" रुपीबाई कळशी घेत विचारते.

"तू देशीन तोवर," बापूजी म्हणतात.