अण्णांची मंगलाष्टकं

चादरींच्या गावात, भवानी पेठेत, लग्न कुणाच्याही घरचं असलं, तरी अंतरपाट धरला की माइक वेणीमाधव सरांच्या हातात जायचा. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले सर वधूवरांची, त्यांच्या आईवडिलांची, अगदी रुसून बसलेल्या आत्याचीसुद्धा नावं गुंफून मंगलाष्टकं रचायचे आणि खड्या आवाजात म्हणायचे. पण त्या आवाजाचं धड रेकॉर्डिंग कुठेच नव्हतं. लग्नाच्या व्हिडिओत शूटिंगवाल्याने नेमकी त्याच जागी सिनेमाची गाणी चढवलेली असायची.

आता त्याच गळ्यात गाठ निघाली होती. स्वरयंत्र काढावं लागेल, असं पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. माणूस वाचेल, आवाज वाचणार नाही.

सरांची लेक भार्गवी भौतिकशास्त्रात एमएस्सी करून कॉलेजात तासिकेवर प्रॅक्टिकल घेत होती. तिचं लग्न अजून ठरलं नव्हतं. अण्णांनी, म्हणजे सरांनी, मात्र तिची मंगलाष्टकं आधीच रचून ठेवली होती, नवऱ्याच्या नावाची जागा तेवढी मोकळी सोडून. "तीन अक्षरांचा बघ गं," ते म्हणायचे. "चार अक्षरांचा आणलास तर वृत्तात बसायचा नाही. मांडवाबाहेर बसवावा लागेल त्याला."

ऑपरेशनची तारीख लागली तेव्हा भार्गवीच्या कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षा चालू होत्या. आई आणि धाकटा राजस अण्णांना घेऊन पुण्याला गेले. ती ऑपरेशनच्या दिवशी सकाळच्या गाडीने निघणार होती. आदल्या संध्याकाळी अण्णा व्हिडिओ कॉलवर तिची मंगलाष्टकं म्हणणार आणि तिने ती इथे जपून ठेवायची, असं ठरलं. मीच फोनवर घेतो की, असं राजस म्हणाला होता. तिने त्याला साफ नको म्हटलं. वॉर्डातला गलका, तुझा हलणारा हात, फोनचा भिकार माइक. हे एकदाच व्हायचंय, मी नीट करते.

नीट म्हणजे तिच्या पद्धतीने. बटणं दाबून चालणाऱ्या आयत्या प्रोग्रॅमवर तिचा विश्वास नव्हता. ती टर्मिनलच्या, म्हणजे नुसते हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत, रेकॉर्डिंग करणाऱ्या एफएफएमपेगची एक लांबलचक ओळ लिहायची: पडदा अमुक मापाचा टिपायचा, आवाज डिफॉल्ट वाटेने घ्यायचा, दाबून लहान करायचा नाही, या नावाने साठवायचा. ओळीतला प्रत्येक शब्द तिने वाचून, समजून घातला होता. फक्त 'डिफॉल्ट' हा शब्द तिने तपासला नाही. डिफॉल्ट म्हणजे कॉम्प्युटरमधून जो आवाज येतो तो, असं ती धरून चालली.

चाचणीही घेतली होती. राजसला कॉल लावला, त्याला पाढे म्हणायला लावले आणि रेकॉर्डिंग ऐकलं. पाढे स्वच्छ होते. तो शेजारच्या शांतम्मांच्या कारखान्याचा सुट्टीचा वार होता. चादरींचे माग बंद होते आणि राजसचा आवाज स्पीकरवरून खोलीभर घुमत होता.

कॉलच्या दिवशी मात्र माग चालू होते. भिंतीपलीकडून खटाखट येत होती, टेबलावरचा पेला थरथरत होता. शांतम्मा स्वतः दारात आल्या. "बंद करू का गं माग? अन्ना म्हननार हायेत म्हनं आज." भार्गवीला त्यांचं काम खोळंबवावंसं वाटेना. "नको मावशी," ती म्हणाली. "मी हेडफोन लावते की." आणि तिने लावले.

अण्णा खाटेवर उशीला टेकून बसले होते. आवाज घोगरा झाला होता, पण सूर जागच्या जागी होता. पहिलं कडवं संपवून ते थांबले. समोरून 'सावधान' आल्याशिवाय पुढचं कडवं सुरू करायची त्यांना सवयच नव्हती. मग भार्गवीनेच, त्या खोलीत एकटीने, "शुभमंगल सावधान" म्हटलं. अण्णा हसले आणि पुढे गेले. प्रत्येक कडव्याला असंच. मोकळ्या जागेवर आल्यावर त्यांनी तीन अक्षरांऐवजी तीन टिचक्या वाजवल्या, आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं. काळ्या खिडकीत आकडे पळत होते, फाइल वाढत होती. सगळं ठीक चाललं होतं.

रेकॉर्डिंग तिने ऐकलं ते दुसऱ्या दिवशी, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर. अण्णांना आत नेलेलं होतं.

पडद्यावर अण्णांचे ओठ हलत होते. कानात मागांची खटाखट. मग ओठ थांबले, आणि तिचाच आवाज आला, अगदी जवळून, स्वच्छ: शुभमंगल सावधान. पुन्हा ओठ, पुन्हा खटाखट, पुन्हा ती.

तिला सगळं कळायला फार वेळ लागला नाही. कॉम्प्युटरला दोन कान असतात. एक माइक; दुसरा स्पीकरकडे निघालेला आवाज आतल्या आत टिपणारा. डिफॉल्ट म्हणजे माइक होता. चाचणीत राजसचे पाढे त्या माइकने खोलीतून ऐकले होते. हेडफोन लावल्यावर अण्णांचा आवाज खोलीत आलाच नव्हता. तो फक्त तिच्या कानात गेला आणि तिथेच संपला. चाचणीनंतर तिने एकच गोष्ट बदलली होती. काहीही बदललं की पुन्हा मोजा, हे ती प्रॅक्टिकलच्या पोरांना ओरडून सांगायची.

तिने बाकावरच लॅपटॉप मांडीवर घेतला. मागाची खटाखट गाळून काढायच्या ओळी लिहिल्या, उरलेलं मोठं केलं, पुन्हा गाळलं, पुन्हा मोठं केलं. हेडफोनच्या कडेतून थोडा तरी आवाज निसटला असेल, या आशेवर. शेवटी नुसती खरखर उरली. त्या खरखरीतही तिला दोनदा अण्णा ऐकू आल्यासारखे वाटले. तिने आवाजाचा आलेख काढून पाहिला. तिथे काही नव्हतं.

"मिळालं ना नीट?" राजसने विचारलं. तिने पडदा त्याच्याकडे वळवला आणि हेडफोन दिले. त्याने एक कडवं ऐकलं, हेडफोन काढून तिच्या मांडीवर ठेवले आणि चहाच्या टपरीकडे निघून गेला. तो काहीतरी बोलला असता तर बरं झालं असतं.

थिएटरच्या दारावरचा दिवा विझला. ऑपरेशन चांगलं झालं, असं डॉक्टर म्हणाले.

अण्णांना खोलीत आणल्यावर काही दिवसांनी त्यांच्या हातात लिहायची पाटी आली. आधी पाणी मागितलं, मग आईला घरी जाऊन झोपायला सांगितलं. नंतर भार्गवीकडे बघून लिहिलं: मंगलाष्टकं लाव.

लॅपटॉपची बॅटरी उतरलीय, असं ती म्हणाली. राजसने चार्जर काढून तिच्यापुढे ठेवला. आई म्हणाली, "दाखव की गं, किती दिवस वाट बघतायत." खरं काय ते सांगायला तिने तोंड उघडलं, पण अण्णा उशीला टेकून, मान पुढे करून बसले होते, तस्सेच, त्या दिवशी बसले होते तसे.

तिने फाइल लावली.

अण्णा स्वतःच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिले. लॅपटॉपमधून शांतम्मांचे माग चालू होते. रेकॉर्डिंगमधली भार्गवी अगदी जवळून, आनंदाने म्हणाली, शुभमंगल सावधान. अण्णांनी भुवया उंचावल्या, कान पुढे केला. मग पाटी ओढून घेतली आणि मास्तरी वळणाच्या अक्षरात लिहिलं:

आवाज वाढव.

तिने वाढवला.