फाटकावरचा गूळ

"वयनी, तोंड उघडा."

सत्यभामाबाईनं तोंड उघडलं नाही. गालातला गुळाचा खडा जिभेनं आणखी मागे सारला.

"गिळला का?" मुकादम पंजाबरावांनी विचारलं.

तिनं मान डोलावली.

या जिनिंग कारखान्यात रेच्यांवर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांवर, कापूस घालणाऱ्या बायांना संध्याकाळी फाटकावर गूळ मिळे. नाकातोंडात गेलेली रुई गुळानं सुटते, म्हणून मालकाच्या वडिलांनी पाडलेला पायंडा. मालकाला बायांच्या छातीची एवढी काळजी, पण शेडला चार खिडक्या पाडायचं काही त्याला सुचलं नाही. बाया गूळ पदराला बांधून पोरांना नेत. महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नवा मॅनेजर आला आणि म्हणाला, "गूळ कामगारांच्या तब्येतीसाठी आहे. इथंच खायचा." खोकणाऱ्याला कामावर घ्यायचं नाही, हा हुकूमही त्यानं त्याच दिवशी काढला. तोही म्हणे तब्येतीसाठीच.

सत्यभामाबाईला पोर नव्हतं. घरी नवरा होता. किसनराव याच कारखान्यात रुईच्या गाठी बांधत. दम लागू लागला तसं त्यांना घरी बसवलं. आता दिवसभर भिंतीला टेकून धापा टाकत. कारखान्यानं छातीत भरलेली रुई कारखान्याचाच गूळ काढील, असं तिच्या मनानं घेतलं होतं. दुकानातला गूळ तिनं आणून पाहिला होता, त्याला गुण नव्हता म्हणे. वेडी समजूत, पण तिच्या जिवाला तेवढाच आधार होता.

म्हणून नव्या हुकमापासून ती खडा गालात धरून घर गाठायची. वाटेत कुणी हाक मारली तरी बोलायची नाही. "सत्यभामाले लय माज आला," शेजारची विमलबाई म्हणायची. घरी पोचेपर्यंत बोराच्या बीएवढा गूळ उरे. तो ती नवऱ्याच्या हातावर ठेवी. उष्ट्याचं त्या दोघांना काही नव्हतं.

"तूच खात जाय ना," किसनराव म्हणत.

"मले काय झालं?"

झालं होतं. दिवाळीपासून तिलाही खोकला होता. पण रेच्यांच्या खडखडाटात कुणाला ऐकू जात नसे.

"वयनी, मॅनेजर पाहून राह्यला," पंजाबराव हळूच म्हणाले. "एक डाव उघडा, अन् जा."

तिनं घाईनं खडा गिळायला पाहिलं, आणि खोकला आला. खडा मातीत पडला. तो उचलायला ती वाकली ती खोकत तिथंच बसली. पंजाबरावांनी किसनरावांबरोबर काम केलं होतं. हा खोकला त्यांनी ओळखला.

"त्या बाईंना उद्यापासून नको," मॅनेजर ऑफिसच्या दारातून म्हणाला. "त्यांच्याच भल्यासाठी."

"भाऊ, सर्दी हाये हो. दोन दिसात जाते," ती पंजाबरावांना म्हणाली.

"किसनदादालेबी पहिले सर्दीच होती, वयनी."

पंजाबरावांनी गुळाच्या ढेपेतून चांगला ओंजळभर तुकडा फोडला, कागदात गुंडाळून तिच्या हाती दिला.

"घरी न्या."

"घरी? अन् हुकूम?"

"हुकूम कामावरच्या बायायले हाये," ते म्हणाले आणि पुढच्या बाईकडे वळले.

वाटेत विमलबाईनं हाक मारली. आज तोंड मोकळं होतं, तरी सत्यभामाबाई बोलली नाही.

घरी किसनरावांनी सवयीनं हात पुढे केला. तिनं कागद सोडला. पाट्यावर तुकडा ठेवून वरवंट्यानं फोडला. अर्धा त्यांच्या हातावर ठेवला. उरलेल्यातला खडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि उभ्या उभ्याच चावू लागली.

किसनराव तिच्या हलत्या गालाकडे पाहत राहिले. ते जरा सरकले आणि भिंतीशी तिच्यापुरती जागा केली.