मला रंग नको, कापा!

हो, मी भिंतच बोलतेय. विटांची नव्हे, पत्र्याच्या सांगाड्यावर स्क्रूने बसवलेली जिप्सम बोर्डाची. बोटाने वाजवलंत तर पोकळ आवाज येईल.

इरशाद कुवेतला कामाला. तिथल्या भिंती पाहून भाळला आणि सुट्टीत महाडला आल्यावर त्याने घराच्या तळमजल्यावर मला उभं केलं. त्याची आई, हफिजा, तेव्हाच म्हणाली, "आपल्याकडं पूर येतो रे. ही पुठ्ठ्याची भिंत टिकायची नाय." पुठ्ठ्याची! मला भारी राग आला होता.

मग एका पावसाळ्यात सावित्री नदी घरात शिरली. पाणी ओसरल्यावर लाद्या धुतल्या, गाद्या उन्हात टाकल्या, मला फडक्याने पुसलं. पुसून काय होणार? मी पोटभर पाणी प्यायले होते. ओल आतल्या आत वर चढत होती.

तिथून छळ सुरू झाला. फुगले की पुट्टी, डाग उमटला की रंग. शेवटी निळ्या फुलांचा कागद चिकटवला! इरशाद फोनवर सांगे, "पंखा लावून ठेवा, सुकेल." अरे बाबा, आत काळी बुरशी माजलीय! माणसांना डाग दिसेनासा झाला की तो गेलाच असं वाटतं.

इरशादची लेक माझ्या लगतच झोपायची. तिचा खोकला हटेना. औषधं बदलून झाली. तिची आई अम्बरीन तिला घेऊन पोलादपूरला माहेरी गेली, तर खोकला थांबला. महाडला परतल्या आणि पुन्हा छाती घरघरू लागली. तेव्हा अम्बरीन माझ्यापाशी आली. तिने कागद ओरबाडला, अंगठा दाबला. तो थेट आत गेला. कुबट वासाने तिने तोंड फिरवलं.

तिने इरशादला फोन लावला. "भिंत कापतेय."

"थांब, मी सुट्टीवर आलो की बघू."

"तुमची सुट्टी येईल तेव्हा येईल. पोरीला आज धाप लागतेय."

हफिजाने स्वतःची ओढणी पुढे केली. "तोंडाला बांध गो आधी." आणि पोरीला घेऊन ती शेजारी गेली.

अम्बरीनने कटरने मला कमरेपर्यंत कापलं. काळे, लिबलिबीत तुकडे गोणीत भरले. सुटले बाई!

आता मी अर्धीच लोंबकळतेय, आणि ओल या उरलेल्या अर्ध्यातही चढलीय. पोर वरच्या खोलीत निजते. खोकला उतरलाय. काल इरशादने व्हिडिओ कॉलवर मला पाहिलं आणि म्हणाला, "फारच वाईट दिसतंय. पडदा लावा ना."

अम्बरीन, त्याचं ऐकू नकोस. पडदा राहू दे, कटर आण.