उभ्यानं निंदणारं कोळपं

मी एक कोळपं बोलतोय. कृषी संशोधन केंद्राच्या गोदामात, तुटक्या फवारणी पंपाच्या शेजारी, भिंतीला टेकून उभा आहे. पंप काही बोलत नाही, म्हणून म्हटलं तुमच्याशी बोलावं.

मला घडवलं इथल्याच वर्कशॉपमधल्या फिटरकाकांनी. पुढं एक चाक, मागं पातं आणि लांब दांडा. खाली न बसता, चालता चालता तण काढायचं, म्हणजे निंदायचं, एवढंच माझं काम. दांड्याची उंची ठरेना, तेव्हा काकांनी डबा घेऊन आलेल्या बायकोलाच उभं केलं. "धर गं जरा. पाठ वाकते का?" ती म्हणाली, "नाही वाकत. पण जेवा आधी, भाजी गार होतेय." अशी माझी उंची ठरली.

मग केंद्रातल्या संशोधक मॅडम मला गावात घेऊन गेल्या. मॅडम तरुण, मनापासून काम करणाऱ्या. महिला शेतकऱ्यांना विचारून अवजार सुधारायचं, असा त्यांचा अभ्यास होता. सभा ठरली सकाळी अकराला, गावातल्या सगळ्यात मोठ्या बागाईतदाराच्या अंगणात. आता तुम्हीच सांगा, निंदणीच्या दिवसांत अकरा वाजता निंदणाऱ्या बायका कुठं असतात? शेतात! अंगणात जमल्या त्या शेतमालकांच्या बायका.

त्यांचं मी वाईट म्हणणार नाही. चहा झाला, मला हातात धरून फोटो झाले. बागाईतदारीणबाई म्हणाल्या, "दिसायला छान आहे हो. पण आम्हाला काय करायचंय? आमच्याकडं बायका येतात की निंदायला." सगळ्या हसल्या. मॅडमनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मला मात्र तोंड लपवावंसं वाटलं.

दुपारी शेतातली एक बाई कळशी घेऊन पाणी न्यायला आली. तिला सगळे पाटवाली म्हणायचे. तिचा उजवा गुडघा कामातून गेला होता, उकिडवं बसता येत नसे. म्हणून छोट्या पाटावर बसून, तो पुढं सरकवत ती निंदायची. साहजिकच मागं पडायची. मुकादमीण त्या दिवशी बोललीच होती, "अशानं पुढच्या हंगामाला येऊ नकोस बाई." नवरा वारलेला, त्याच्या वाट्याची जमीन दिराच्या नावावर. निंदणी सुटली तर हिच्या हाती दुसरं काही नव्हतं.

ती अंगणाच्या पायरीखालीच थांबली. तिच्यासारख्यांनी वर यायचं नसतं म्हणे. मी पायरीशीच टेकलेला. तिनं मला उचललं, परसातल्या वाफ्यात नेलं आणि एका दमात अख्खी ओळ काढली.

"अगं बाई! उभ्यानं!" ती एकटीच हसत सुटली. माझा दांडा तिच्या हातात असा बसला की काय सांगू! अख्ख्या आयुष्यात मी तेवढाच कामाला आलो, एक ओळ.

परत पायरीशी येऊन तिनं खालूनच मॅडमना हाक मारली. "ताई, हे मला वापरायला मिळेल का?"

मॅडमनी हौसेनं कागद काढला. "मिळेल की! शेती किती तुमची?"

"माझी कुठली? मी दुसऱ्यांच्यात जाते."

मॅडमचा पेन थांबला. त्यांनी केंद्रातल्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "अहो, ती मजूर आहे. आपला विषय महिला शेतकरी. यादीत नाही बसायची." मॅडम ओशाळल्या. पाटवालीनं मला होतं तिथं नीट टेकवून ठेवलं आणि कळशी उचलली.

अहवालात लिहिलं गेलं, 'महिलांकडून मागणी नाही.' प्रकल्प संपला, मॅडमची बदली झाली. मी इथं आलो. पात्यावर गंज चढलाय. कुणी दार उघडलं की वाटतं, आज आपली पाळी. पण लोक खताची पोती घेऊन जातात. फार एकटं वाटतं हो.

यंदा गोदामासमोरच्या प्रयोगाच्या वाफ्यांत निंदणीला बायका आल्यात. त्यांत तीही आहे. गावातलं काम सुटलंच शेवटी. इथला मुकादम नवा आहे, त्याला तिचा गुडघा अजून कळलेला नाही. पाट आणला तर कळेल, म्हणून ती तशीच बसते. उठताना पदर दातात धरते. खिडकीतून मला सगळं दिसतं.

काल ती पाणी प्यायला इकडं आली आणि उघड्या दारातून तिनं मला ओळखलं. गोदामवाल्याला म्हणाली, "दादा, एवढं दिवसभर देता का? संध्याकाळी पुसून आणून ठेवीन."

"ते संशोधनाचं आहे, बाई. हात लावू नका." त्यानं दार ओढून कुलूप लावलं.

तुमच्यापैकी कुणाचं इथं वजन असेल, तर त्याला तेवढं कुलूप काढायला सांगा. मी लोखंडाचा आहे, आणखी दहा वर्षं थांबेन. तिला नाही थांबता यायचं.