अंगठ्याच्या जागी

तिने दोन्ही हातांनी भुशाचा ढीग उपसायला घेतला. करवतीचं यंत्र बंद केलं होतं, पातंही आता थांबलं होतं. स्टुलावर मिस्त्री, तिचे यजमान, बसले होते, पांढरेफटक. शेजारचा गॅरेजवाला त्यांचं मनगट टॉवेलात आवळून हात उंच धरून उभा होता. फळी चिरताना मध्येच गाठ लागली, फळी उसळली आणि उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली. इतकंच झालं होतं.

ॲम्ब्युलन्सवाल्या बाईंनी फोनवर सांगितलेलं ती मनात घोकत होती. ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळायचं, पिशवीत घालायचं, मग ती पिशवी बर्फावर. बर्फ थेट लागू द्यायचा नाही. तर्जनी सापडली. मुळापासून तुटलेली, पण अख्खी, नखात लाकडाचं पॉलिश. अंगठा सापडला असं म्हणवेना.

"सापडलं का?" मिस्त्रींनी विचारलं. पेन्सिल हरवल्यावर विचारायचे तसंच.

"सापडलं," ती म्हणाली. अंगठ्याचं तिने सांगितलं नाही.

हॉस्पिटलात त्यांना आत नेलं आणि बऱ्याच वेळाने सर्जन बाहेर आल्या. ठेंगण्याशा बाई, टोपीत केस कोंबलेले. त्या तिच्या शेजारी बाकावर टेकल्या. अंगठ्याच्या चिंध्या झाल्यात, म्हणाल्या, तो जोडण्यासारखा नाही. तर्जनी मात्र जोडता येईल.

"प्रश्न एवढाच आहे, की कुठे."

"कुठे म्हणजे? जिथली तिथेच ना?"

बाईंनी स्वतःचा हात पुढे केला. अंगठा नसला तर बाकी बोटं नुसती लोंबतात, त्यांनी समजावलं. म्हणून ती तर्जनी अंगठ्याच्या जागी लावावी असं त्यांचं मत होतं. दिसायला चमत्कारिक दिसेल. पण पकड येईल.

"त्यांना विचारता येईल?"

"भूल दिली आहे. आणि थांबायला वेळ नाही."

तिने अंगठा तळहातात मिटला आणि मांडीवरची पाण्याची बाटली उचलून पाहिली. बाटली निसटली. मग तर्जनी मिटून पाहिली. बाटली उचलली गेली.

"अंगठ्याच्या जागी लावा," ती म्हणाली.

सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक दोऱ्याने त्यांनी शिरा न् शिरा सांधल्या. शुद्धीवर आल्यावर मिस्त्रींना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी गुंगीत मान हलवली. बोटात रक्त साचून ते निळं पडू लागलं, तेव्हा सिस्टरने बरणीतून जळू काढून टोकाला लावली. "बरं झालं," मिस्त्री बायकोकडे पाहून म्हणाले, "तुझ्या माहेरचं कुणीतरी भेटायला आलं." ती हसली. सगळं सुरळीत होणार, असं तिला तेव्हा वाटलं.

पण पट्टी सुटली आणि त्यांनी तोंड फिरवलं. अंगठा असतो तिथे ते लांबसडक बोट उभं होतं, टाक्यांनी वेढलेलं, आणि त्याच्या जुन्या जागी काही नव्हतं. घरी आल्यावर ते डाव्या हाताने जेवू लागले. उजव्या हातावर सतत रुमाल. ती जवळ आली की तो हात पाठीमागे जाई. एकदा गॅरेजवाला म्हणाला, आता मिस्त्री बोट दाखवतायत की अंगठा, लोकांना कळायचंच नाही. सगळे हसले, मिस्त्रीही हसले, आणि हात टेबलाखाली गेला.

तिच्याशी ते त्याबद्दल एकदाच बोलले. "बोट निदान बोटाच्या जागी तरी राहिलं असतं."

ताटं उचलून ती आत गेली.

व्यायाम शिकवणारी मुलगी त्यांना डोळे मिटायला लावून बोटाला कापूस लावायची. महिनोन् महिने काही कळलं नाही. मग एके दिवशी ते म्हणाले, लागतंय, पण इथे नाही. जिथून बोट गेलं तिथे, हवेत. असंच होतं सुरुवातीला, मुलगी म्हणाली. हळूहळू मेंदू नवी जागा शिकेल.

कारखाना तोवर बायकोनेच धरून ठेवला होता. कापकाम बाहेरून करून आणायची, घासणं आणि पॉलिश पूर्वीसारखंच तिचं. एका दुपारी ती कपाटाचं दार घासत असताना मिस्त्री आले. अपघातानंतर पहिल्यांदाच. यंत्राकडे त्यांनी पाहिलं नाही. रुमाल काढून खिशात घातला, डोळे मिटले आणि ते बोट दारावरून सावकाश फिरवलं. कडेपाशी थांबले.

"इथे राहिलंय."

तिने हात फिरवला. "कुठे? मला तर गुळगुळीत लागतंय."

त्यांनी तिचं मनगट धरलं. एका बाजूने ते बोट, दुसऱ्या बाजूने मधलं. पकड कच्ची होती, आणि बोट जरा गारच होतं. तिचा हात त्यांनी कडेकडेने पुढे नेला आणि थांबवला. लाकडाचं एक बारीक कुसळ तिथे उभं होतं. ते तिच्या बोटाला लगेच टोचलं.

"लागलं?" त्यांनी विचारलं.

"थांबा जरा," मनगट त्यांच्या पकडीत तसंच राहू देत ती म्हणाली. "अजून नाही."