मुनीरचे नाक

लाँच चालवणाऱ्या सारंगाने तार उपटली आणि स्वयंपाकखोलीतल्या डब्याचा हिरवा दिवा विझला.

"रातदिस बॅटरी खाता ह्यो डबो," तो म्हणाला. "आमका मुनीराचा नाक आसा मां!"

इंजिनवाला लवू हसला. खानसामा मुनीरही हसला.

रेडी बंदरातल्या खनिज कंपनीची ती लाँच साहेबलोकांना समुद्रात उभ्या असलेल्या बोटींपर्यंत नेई. त्यांच्या चहा-जेवणासाठी नुकतीच गॅसची शेगडी आली होती आणि तिच्याबरोबर, गॅस गळला की वाजणारा हा डबा. मुंबईच्या फिटरने बजावले होते, "गॅस हवेपेक्षा जड. तळात साचतो. डबा कधी बंद करायचा नाही. वाजला, तर झाकणे उघडून हवा खेळवायची. इंजिनाला हात लावायचा नाही."

इतरांनी माना डोलावल्या. मुनीरने मात्र शब्द न् शब्द पाठ केला. दोन वर्षांपूर्वीच्या विषमज्वरापासून त्याला वासच येईनासा झाला होता. हे फक्त त्याच्या बायकोला, नसीमाला, ठाऊक होते. असा खानसामा कोण ठेवणार? रोज सकाळी त्या दिव्याकडे पाहूनच तो काडी ओढी.

दुसऱ्या दिवशी सारंगाने धक्क्यावरून विचारले, "मुनीर, वास येता काय रे?"

साहेबांची गाडी उतारावर दिसत होती. मुनीर स्वयंपाकखोलीच्या दारात वाकला. त्याने मोठ्याने श्वास ओढला.

"नाय," म्हणत तो पाण्याचा हंडा आणायला उतरला.

लवूने आत जाऊन इंजिनाचे बटण दाबले. तळात साचलेल्या गॅसने पेट घेतला.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने मुनीरला खुर्ची दिली.

"तुम्हाला गॅसचा वास आला होता?"

"नाही, साहेब."

"नक्की?"

मुनीरने टोपी काढून मांडीवर ठेवली. "नक्की."

"ह्याचं नाक कधी चुकत नाही," सारंग घाईने म्हणाला. तारेचे नाव त्याने काढले नाही.

गॅस नव्हता, इंजिनवाल्याने पेट्रोलजवळ विडी पेटवली, असे कागदावर आले. लवूचे काम गेले.

पंधरा दिवसांनी मुनीर त्याच्या घरी गेला. लवूचे दोन्ही भाजलेले हात कोपरापर्यंत पट्ट्यांनी बांधलेले होते. बायको शेवंती त्याला पेज भरवत होती.

"लवू, माका तुका एक सांगाचा आसा."

"माका ठाव आसा," लवू म्हणाला. "तू नाय म्हटलंस, म्हणजे गॅस नव्हतोच. माका आठवणा नाय, पण विडी मियाच पेटवलेली आसतली."

"कितीदा सांगलंय ह्यांका, विडी सोडा म्हणान," शेवंती म्हणाली. तिने वाटी मुनीरच्या हातात दिली. "जरा भरवा. माझो भात करपता."

ती आत गेली. लवूने तोंड उघडले. मुनीरने चमचा भरला, फुंकर घातली आणि पुढे केला.