तळ्यातल्या चेक ट्रेचा जळफळाट

मित्रांनो, आधीच कबूल करतो. मी जुना आहे, गंजका आहे आणि मत्सरी आहे. जुने आणि गंजके होणे काही माझ्या हातात नव्हते. मत्सराबद्दल मात्र तसे म्हणता येणार नाही.

मी कोळंबीच्या तळ्यातला चेक ट्रे आहे. नाव ऐकून काहीतरी भारी वस्तू डोळ्यांपुढे आली असेल, तर तो गैरसमज लगेच काढून टाका. सायकलच्या चाकाची एक रिम, तिच्यावर ताणून शिवलेली बारीक जाळी, तीन दोऱ्या आणि मधोमध एक दगड, की झाला चेक ट्रे! रिम घरातल्या आजोबांच्या सायकलची. सायकल मोडली तेव्हा भंगारवाला दारात उभा होता, पण सून म्हणाली, "रिम राहू दे, मला हवीय." त्या दुपारी तिने ओटीवर बसून माझी जाळी शिवली. तीन वेळा सुई बोटात घुसली, पण टाका सैल पडू दिला नाही. या सुनेला तिचा धाकटा दीर वहिनी म्हणतो, म्हणून सगळा किनाराच तिला वहिनी म्हणतो. नवरा बोटीवर नोकरीला असतो. घर, तळे आणि सासरे असा तिहेरी कारभार वहिनींचा.

माझे काम सोपे वाटते, पण ते सोपे नाही. दिवसातून तीनदा तळ्यात खाद्य टाकतात. त्यातलेच मूठभर माझ्यावर ठेवायचे आणि लांबच्या कोपऱ्यातल्या फळीवरून मला तळाशी सोडायचे. दोन तासांनी अलगद वर ओढायचे. खाद्य संपलेले असेल तर कोळंबी खूश आहे. उरले असेल तर खाली काहीतरी बिनसले आहे. पाणी इतके गढूळ की वरून काही म्हणता काही दिसत नाही. खालची खबर आणणारा मी एकटा. वहिनी मला उचलून डोळ्यांजवळ धरायच्या, एखादी कोळंबी उजेडात उलटसुलट बघायच्या आणि म्हणायच्या, "हं. उद्या एक मूठ कमी." बस्स. माझ्या शब्दाशिवाय तळ्यावर पान हलत नसे. मला थोडा माज चढला होता, खोटे कशाला बोलू?

मग एका वर्षी समुद्र बांध फोडून आत आला. सगळ्यांची तळी एक झाली आणि पाणी ओसरल्यावर मागे उरला तो चिखल. कितीतरी घरांना कुलपे लागली. वहिनींनी मला गुडघाभर गाळातून उपसून काढले, विहिरीच्या पाण्याने धुतले आणि रडल्या. हे रडणे माझ्याशिवाय कुणी पाहिले नाही.

चार वर्षांत बांध पुन्हा उभे राहिले. बेचाळीस घरांनी मिळून संघ काढला. कोळंबी परत आली, पण बर्फ कुठे होता? काढलेला माल दूरच्या शहरापर्यंत जाईस्तोवर मऊ पडायचा आणि व्यापारी नाक मुरडायचे. जवळ बर्फाचा कारखाना आणि शीतगृह झाले तरच हा किनारा तगणार होता, नाहीतर उरलेल्या घरांनाही कुलपे. संघाने पत्रे पाठवून पाठवून शेवटी एका कंपनीच्या बाईंना यायला राजी केले. त्या दोन किनारे बघणार होत्या आणि एकाच ठिकाणी कारखाना घालणार होत्या. आमच्या बाजूने त्यांना दाखवायचे तळे ठरले वहिनींचे.

झाले! धाकट्या भाऊजींच्या अंगात वारे संचारले. ते संघाचे चिटणीस. कुठूनसे महिनाभर वापरून बघायला म्हणून एक यंत्र घेऊन आले. पांढरी शुभ्र पेटी, पुढे काच, काचेत हिरवे आकडे आणि पाण्यात सोडलेली एक वायर. पाण्यात कोळंबीला श्वास घ्यायला हवा किती, ऊब किती, सगळे म्हणे मोबाईलवर दिसते. वर आज खाद्य किती टाकायचे तेही तेच सांगते.

कानामागून आले आणि तिखट झाले! पेटीला ऊन लागू नये म्हणून छत्री. पेटीवर धूळ बसू नये म्हणून मऊ फडके. शेजारपाजारचे लोक तिच्याबरोबर फोटो काढून घेत. आणि भाऊजी मला दोन बोटांनी उचलून म्हणतात काय, "वहिनी, हे रिमचं लचांड पाहुण्यांसमोर नको हं. माणसं म्हणतील, अजून सायकलच्या जमान्यात आहेत."

"अहो, पण रोज बघायची सवय आहे मला."

"आता मोबाईलवर बघा. घरबसल्या!"

वहिनी हसल्या आणि मला कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून ठेवून गेल्या. हसल्या, मित्रांनो! तांबडी कोंबडी माझ्या जाळीवर ऐसपैस बसली, आणि पुढचे काय सांगू? तुम्ही समजूतदार आहात.

तिथून मला तळे दिसे आणि पेटीही दिसे. माझा नुसता तिळपापड व्हायचा. हवेत बसून तळाच्या गोष्टी सांगणार! उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच. नव्याचे नऊ दिवस, म्हणून मी दिवस मोजू लागलो. नऊ झाले, दहा झाले, अकरा झाले. पेटी आपली चमकतेच आहे. मग मी मनातल्या मनात शाप देऊ लागलो. बंद पड. खोटी ठर. सगळ्यांसमोर तोंडघशी पड. एकदाही माझ्या मनात आले नाही की पेटी पडली तर तिच्याबरोबर आणखी कोण कोण पडेल.

पाहुण्या यायच्या आदल्या दिवशी सकाळी वहिनी बांधावरून चालल्या होत्या. त्या थबकल्या. लांबच्या कोपऱ्यात काही कोळंब्या तळ सोडून वर, कडेला येऊन रेंगाळत होत्या. निरोगी कोळंबी असे करत नाही. वहिनींनी मोबाईल पाहिला. आकडे हिरवे. यंत्र म्हणत होते, सगळे उत्तम, खाद्य वाढवा. वहिनी तडक खुराड्याकडे आल्या. कोंबडीला उडवले, मला खरवडून धुतले, मूठभर खाद्य ठेवले आणि त्याच कोपऱ्यात सोडले.

दोन तासांनी मी वर आलो. खाद्य जसेच्या तसे, दाणा न दाणा! वर काळा, कुजका वास मारणारा गाळ. एकच कोळंबी होती, तिच्या पाठीवरची खाल्ल्या अन्नाची रेघ रिकामी.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बघा, बघा म्हणावे पेटीला! मी केव्हापासून हेच म्हणत होतो! आणि तेवढ्यात मी वहिनींचा चेहरा पाहिला. त्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते. गाळातून मला काढताना होता, तोच चेहरा. माझा आनंद तिथल्या तिथे मेला.

चूक कुठे झाली ते वहिनींना पाच मिनिटांत कळले. पाण्यात हवा घालणारे एक चाक तळ्यात फिरत असते. भाऊजींनी पेटीची वायर नेमकी त्या चाकाला खेटून सोडली होती. तिथे हवाच हवा, म्हणून आकडे सुरेख.

"भाऊजी, वायर इथं का सोडली?"

"इथं आकडा छान येतो, वहिनी," भाऊजी भाबडेपणाने म्हणाले. "पाहुण्यांना दाखवायचा आहे ना!"

पंधरा दिवस त्या छान आकड्यावर खाद्य वाढत गेले, लांबच्या कोपऱ्यात ते उरले, कुजले आणि खालची हवा संपवत राहिले. पेटी खोटे बोललीच नव्हती. जिथे उभी केली तिथले तिने खरे सांगितले. हे कळल्यावर मला तिचा राग करायला काही जागाच उरली नाही, आणि त्याचाही थोडा रागच आला.

वहिनींनी लगेच खाद्य बंद केले, चाक कोपऱ्याकडे सरकवले आणि नवे पाणी आत घेतले. पण तळे काही एका दिवसात सुधारत नाही. दुसऱ्या दिवशी पाहुण्या बाई आल्या. बेचाळीस घरांतली माणसे धुतलेले कपडे घालून बांधावर उभी. आल्या आल्या बाईंनी काचेतले आकडे पाहिले आणि मान डोलावली. वहिनी मात्र फळीकडे निघाल्या. मी पाण्यातच होतो.

भाऊजी दबक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, पाया पडतो. आज नको. बेचाळीस घरांचा प्रश्न आहे."

"म्हणूनच उचलतेय."

मित्रांनो, त्या क्षणी मी काय काय नवस केले असतील! माझ्यावरचे खाद्य संपलेले असू दे. सगळी शाबासकी पेटीला मिळू दे, हवी तर आणखी एक छत्री मिळू दे! पण निम्म्याहून जास्त उरलेलेच होते. वहिनींनी मला बाईंच्या हातात दिले आणि सांगितले, "यंत्र चांगलं आहे. आम्ही चुकीच्या जागी लावलं. तळं आजारी आहे. दहा दिवसांत सुधारेल, नाही सुधारलं तर तेही कळवीन."

बाईंनी गाळाला बोट लावले, वास घेतला. चहा न घेता गाडीत बसून गेल्या.

पुढचे दहा दिवस मी विसरणार नाही. भाऊजी जेवायला घरी येईनात. नळावरच्या बायका वहिनी दिसल्या की गप्प होत. "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला, आमच्याही पायावर मारला," असे कोणी कोणी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. वहिनी रोज मला तीनदा सोडत, तीनदा उचलत आणि पाहिले तेच बाईंना मोबाईलवर लिहून पाठवत. आज निम्मे उरले. आज पाव. आज चार दाणे. उत्तर येत नव्हते.

अकराव्या दिवशी फोन वाजला. वहिनींनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. बाई म्हणाल्या, "दोन्ही किनाऱ्यांवर मला हिरवे आकडे दाखवले. गाळाने भरलेला ट्रे तुम्ही एकट्यांनी दाखवला. तुमचा माल मी न बघता शीतगृहात ठेवू शकते. कारखाना तुमच्याकडे. अट एकच, प्रत्येक तळ्यात असा ट्रे हवा."

भाऊजी लहान मुलासारखे रडले. "वहिनी, मारा मला."

"मारते नंतर. आधी जेवायला चला. दहा दिवसांचं राहिलंय."

आता किनाऱ्यावर एकेचाळीस नवे ट्रे आलेत. चकचकीत स्टीलचे, एकालाही गंज नाही. पाहिले आणि माझ्या पोटात पुन्हा दुखले. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते काही उगाच नाही. पण महिना संपल्यावरही ठेवून घेतलेली पेटी आता माझ्याच कोपऱ्यात उभी असते आणि आम्ही दोघे एकाच पाण्याची खबर देतो. बहुतेक वेळा आमचे पटते.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला हात जोडून सांगतो. वाईट बातमी आणणाऱ्याला खुराड्यावर फेकू नका. त्याला धुवा, पुसा, त्याचे ऐका. आणि कधी तुमच्यावरच वाईट बातमी आणायची वेळ आली, तर जरूर आणा, पण मी आणली तशी आनंदाने आणू नका.